राग आवरायला प्राचीन रोमन लोकांनी काही प्रत्यक्ष करण्याजोगं सांगितलंय का?

सांगितलंय, आणि सगळ्यांत कामाचं सेनेका या रोमन तत्त्ववेत्त्याने. निव्वळ रागावर त्याचा तीन भागांचा ग्रंथ आहे, भाऊ नोवाटस याला उद्देशून लिहिलेला.

त्याच्या मते राग तीन टप्प्यांत चढतो. पहिला झटका आपल्या हातात नसतो. गार पाणी उडालं की अंगावर शहारा येतो, तसाच. मग मन म्हणतं, ‘माझ्यावर अन्याय झाला, याला धडा शिकवायलाच हवा’, आणि आपण त्याला मान डोलावतो. तिसऱ्यात तोल गेलेला असतो, तिथे कुणाचं काही चालत नाही. म्हणजे जे काय करायचं ते दुसऱ्या टप्प्यावर: वेळ काढायचा. लगेच माफ करा असं तो म्हणतच नाही. आधी नीट पारखा, म्हणतो. तोवर चेहरा सैल, आवाज खाली, चाल धीमी. थकलेलं असताना किंवा भुकेल्या पोटी वादात पडूच नये.

पण खरी मेहनत रात्रीची. ही सवय त्याने सेक्स्टियस या तत्त्ववेत्त्याकडून उचलली. दिवा मालवला, बायको गप्प झाली (तिला नवऱ्याचा हा नेम ठाऊक होता!) की सेनेका दिवसभराची उलटतपासणी घ्यायचा. सेक्स्टियसचे प्रश्न तीन: आज कोणती खोड सुधारलीस? कोणत्या दोषाला अडवलंस? कशात आधीपेक्षा चांगला झालास?

उत्तरं मात्र मोघम नकोत. सेनेकाचे नमुने बघा: वादात जास्तच तावातावाने बोललो. अमक्याला इतकं तोंडावर सुनावलं की तो सुधारला नाही, दुखावला मात्र गेला. पुढच्या वेळी बोलणं खरं आहे का एवढंच नाही, समोरच्याला ते झेपेल का तेही बघायचं. मेजवानीत कमी मानाची जागा मिळाली म्हणून यजमानावर चिडलास? अरे वेड्या, टेकायच्या उशीने कुणाची इज्जत वाढते की घटते?

लोक चुकतात ते दोन ठिकाणी. एक, ‘मी फार रागीट आहे’ एवढ्यावर थांबतात; त्यातून उद्या काय करायचं ते निघत नाही. प्रसंग एकच घ्या, पण आपण नेमके काय शब्द वापरले ते आठवा. दुसरं, स्वतःला झोडपत बसतात. सेनेकाचा निकाल एका ओळीचा असे: पुन्हा असं करू नकोस, या वेळी माफ. आणि झोप त्यानंतर गाढ लागते, असंही तो सांगतो.