हेड घासायला देण्याआधी जरा थांब

कॉम्प्रेशन वाढवायला टू-स्ट्रोक यामाहा आरएक्स १००चं हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) घासून घ्यायचंय म्हणतोस. घे, पण आधी मोजमाप कर. लेथवाल्याला "अर्धा एमएम काढ" एवढंच सांगून मोकळा होऊ नकोस.

इंजिन ९८ सीसीचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही ५० एमएम. पिस्टन अगदी वर आणायचा, प्लगचं भोक सरळ उभं राहील अशी गाडी कलती करायची आणि सिरिंजने पातळ ऑइल आट्यांच्या तळापर्यंत भरायचं. समजा ९ सीसी बसलं, तर ९८ अधिक ९ म्हणजे १०७, त्याला भागिले ९, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) जवळपास ११.९. हा आकडा बघून घाबरू नकोस. जपानी कंपन्या एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जायचं भोक) बंद झाल्यापासून मोजतात, म्हणून त्यांचा आकडा बराच कमी दिसतो. दोन्हींची गल्लत करून भांडणारे मेकॅनिकसुद्धा पाहिलेत मी!

जास्त ऑक्टेनने ताकद वाढत नाही, इंजिन ठोकायला (मिश्रण अवेळी भडकून खडखडायला) उशिरा लागतं इतकंच. कॉम्प्रेशन स्टॉकच (कंपनीने दिलेलं) असेल तर महागडं पेट्रोल म्हणजे पैसे पाण्यात.

माझा पहिला पिस्टन अशा ठोकण्यानेच गेला. चढावर फुल थ्रॉटलला खडखड येत होती, मी सायलेन्सरचा आवाज समजलो. उघडला तर कड उंदराने कुरतडल्यासारखी. प्लगच्या पांढऱ्या भागावर बारीक चकाकते कण दिसले की समज, ॲल्युमिनियम उडतंय. लगेच टायमिंग थोडं मागे घे (ठिणगी जरा उशिरा पडू दे), मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं भोक) एक नंबर मोठा टाक. इथेनॉलवाल्या पेट्रोलवर मिश्रण तसंही लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं.