दोघांसमोर एकच आकडा

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

घटस्फोटाच्या वाटपात आलेल्या क्लासिक गाडीचं मूल्यांकन तुझ्याकडे आलंय आणि सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंयस. आकड्यापासून करू नकोस, एवढं आधी सांगते. या कामात आकडा सगळ्यात शेवटी येतो, आणि घाई मात्र सगळ्यांना त्याचीच असते. ज्याला गाडी ठेवायची आहे त्याला तो कमी हवा असतो, ज्याला वाट्याचे पैसे घ्यायचे आहेत त्याला जास्त. यात कुणी खोटं बोलत असतं असं नाही. गाडी ठेवणाऱ्याला तिची प्रत्येक खोड खरंच ठाऊक असते, आणि दुसऱ्याला तिच्यापायी गेलेला पैसा आणि तिच्याखाली घालवलेल्या सुट्ट्या खरंच आठवत असतात. तू लिहिशील तो आकडा या दोघांना समोरासमोर बसवून सांगता आला पाहिजे. माझ्या लेखी या कामाची कसोटी ती एकच.

म्हणून नेमणूक कुणाकडून आहे ते लेखी घे, आणि जमलं तर दोघांकडून मिळून घे. इंग्लंडमधली कौटुंबिक न्यायालयं शक्यतो दोन्ही पक्षांचा मिळून एकच तज्ज्ञ असावा असं पाहतात. जिथे तशी पद्धत नाही तिथेही तू तसाच वाग. पाहणीची वेळ दोघांना कळव. एकाने फोनवर काही सांगितलं तर ते दुसऱ्यालाही लिहून पाठव. 'तुमच्यापुरतं सांगतो' असं म्हणत कुणी बोलायला लागलं की त्याला तिथेच थांबव.

मग वकिलांना दोन गोष्टी विचार: किंमत कोणत्या तारखेची हवी, आणि कोणत्या अर्थाने हवी. तारीख विभक्त झाल्याची, अर्जाची की सुनावणीची, हे त्या त्या ठिकाणचा कायदा ठरवतो. कॅलिफोर्नियात, उदाहरणार्थ, सर्वसाधारण नियम सुनावणीच्या शक्य तितक्या जवळची तारीख धरण्याचा आहे. तारीख बदलली की आकडा किती हलतो ते फेरारीच्या इतिहासात बघ. ऑगस्ट १९८८मध्ये कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी गेले, आधीच तापलेला बाजार आणखी भडकला, आणि १९९०नंतर तेच भाव धाडकन खाली आले. त्या काळात खटला तीन वर्षं रेंगाळला असता तर त्याच गाडीने एकाला श्रीमंत आणि दुसऱ्याला कफल्लक केलं असतं.

किंमत कोणत्या अर्थाने, हा प्रश्न लोक सोडून देतात आणि पुढे त्यावरच भांडतात. विम्याच्या कागदावरचा ठरीव आकडा कुणीतरी हमखास पुढे करेल. तो गाडी गेली तर तशीच दुसरी मिळवण्यासाठी लागणाऱ्या रकमेचा असतो, बहुतेक वेळा मालकानेच सुचवलेला असतो, आणि विकताना तेवढे पैसे मिळतीलच असं नाही. विक्रेत्याच्या दालनातली किंमत त्याच्या नफ्यासकट असते. लिलावाच्या बातमीतली किंमत तर नीट उलगडूनच बघ: छापून येणाऱ्या रकमेत बहुधा खरेदीदाराने लिलावघराला दिलेला अधिभार धरलेला असतो. हातोडा पडला त्या बोलीतून विकणाऱ्याच्या बाजूचं कमिशन वजा जाऊन उरेल तेवढंच त्याच्या हाती येतं. वाटपात सहसा विचारतात ती किंमत वेगळी: घाई नसलेला, माहितगार ग्राहक आणि तसाच विक्रेता यांच्यात जमेल ती. गाडी खरंच विकायची नसेल तर विक्रीचा खर्च वजा करायचा की नाही, हे तू मनाने ठरवू नकोस. विचार, आणि मिळालेलं उत्तर अहवालात लिही.

आता गाडीपाशी ये. ही नेमकी कोणती गाडी आहे, याच्या उत्तरात तुझं निम्मं काम आहे. मर्सिडीजची ३०० एसएल, वर उघडणाऱ्या दारांची, १९५४ ते १९५७मध्ये १,४०० बनली. त्यातल्या फक्त २९ गाड्यांची बॉडी ॲल्युमिनियमची होती, आणि त्यांचा भाव बाकीच्यांपेक्षा कित्येक पटींनी चढा असतो. कुणी म्हणेल लोहचुंबक लावा, लगेच कळेल. बॉनेटला चुंबक चिकटला नाही म्हणून हुरळून जाऊ नकोस, कारण साध्या गाडीचंही बॉनेट, दारं आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचंच असतं. चुंबक चाकावरच्या पत्र्याला लावायचा. पॉन्टिॲक जीटीओची गंमत निराळी. १९६४ आणि १९६५मध्ये ते स्वतंत्र मॉडेल नव्हतं, दुसऱ्या मॉडेलवर घ्यायचं ऐच्छिक पॅकेज होतं, त्यामुळे त्या दोन वर्षांच्या गाड्यांत चेसिस नंबरवरून काहीच सिद्ध होत नाही. कारखान्याच्या बिलाची नोंद मिळवावी लागते. १९७३च्या पोर्श कॅरेरा आरएस २.७मध्ये घोळ नकलांचा. खऱ्या साधारण १,५८०, आणि पोर्शच्याच साध्या ९११वर मागचा पंख आणि पट्टे चढवून आरएससारख्या केलेल्या गाड्या बाजारात भरपूर. मालकाने फसवलंय असं मानू नकोस, बिचाऱ्यालाही कुणीतरी तशीच विकलेली असते.

नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघ. टॉर्च आडवा धरून ठोकलेल्या आकड्यांवर प्रकाश टाक, मग खोली आणि वळण दिसतं. आकड्यांभोवतीचा पत्रा घासलेला आहे का, जवळून वेल्डिंगची रेघ गेलीय का, एखादा आकडा ओळीतून हललाय का, ते पाहा. कागद ठेवून पेन्सिलने छाप घे आणि कागदपत्रांशी ताड. इंजिन आणि गिअरबॉक्सचे नंबर कारखान्याच्या नोंदींशी जुळतात का ते तपास. जग्वार, पोर्श, फेरारी यांच्याकडून जुन्या गाड्यांच्या नोंदींची प्रमाणपत्रं मिळतात. ती आधीच मागव, यायला वेळ लागतो.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र ने. कारखान्यातून आलेला रंग ढोबळमानाने १०० ते १५० मायक्रॉन असतो, खाली पुट्टी असेल तिथे आकडा हजाराच्या वर उडी मारतो. दाराखालची पट्टी, चाकांच्या कमानी, डिकीतली स्टेपनीची जागा इथे जास्त वेळ दे, गंज तिथेच लपवतात. कॉर्व्हेटसारखी फायबरग्लासची गाडी असेल तर नेहमीचं यंत्र काही सांगणार नाही, तिथे हात आणि डोळेच कामाला येतात. टायरचीही तारीख असते: २००० सालापासून शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी नवी कोरी आणि तारीख पंधरा वर्षांपूर्वीची, असं दिसलं तर समज की गाडी चाललेलीच नाही. उभी गाडी बिघडते. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं, रबर सुकतं, टाकीतलं पेट्रोल चिकट होतं.

'हिच्यावर एवढा खर्च केलाय' असं म्हणत बिलांचा गठ्ठा तुझ्यापुढे येईल. तो जपून वाच, पण त्याची बेरीज किंमत म्हणून लिहू नकोस. काम काय झालं, कुणी केलं, कधी केलं, हे त्यातून कळतं, आणि चांगलं काम भाव वाढवतंच, फक्त खर्चाइतका वाढवेल याची हमी नसते. कधी तर हात न लावलेलीच गाडी जास्त मोलाची ठरते. फेब्रुवारी २०१५मध्ये पॅरिसच्या लिलावात एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर दीड कोटी युरोंहून जास्त रकमेला गेली. अनेक दशकं ती गॅरेजमध्ये, मासिकांच्या गठ्ठ्यांखाली पडून होती आणि लिलावात तशी धुळीसकट मांडली होती. चमक म्हणजे किंमत, असं मनात असेल तर काढून टाक.

कागदपत्रं आणि सुटे भाग यांच्याबद्दल मला तळमळीने सांगायचंय, कारण तिथे निष्कारण नुकसान होतं. मूळ पुस्तिका, जुनी बिलं, आधीच्या मालकांची पत्रं, हत्यारांची पिशवी, दुसरी किल्ली, काढून ठेवलेलं मूळ इंजिन, मूळ चाकं: हे सगळं गाडीच्या मोलाचाच भाग आहे. रागाच्या भरात एकजण गाडी नेतो आणि दुसरा फाइल उचलून कपाटात टाकतो. मग गाडीचं मोल उतरतं, फाइलला एकटीला काहीच मोल नसतं, आणि वाटून घ्यायलाच कमी उरतं. पहिल्याच पाहणीत सगळ्याची यादी कर, फोटो काढ, दोघांच्या सह्या घे आणि हे गाडीसोबतच राहावं असं अहवालात स्पष्ट लिही. निकाल लागेपर्यंत गाडी कुठे राहील, विमा आणि देखभाल कोण भरेल, हेही वकिलांना ठरवायला सांग.

गाडी लग्नाआधीची असेल तर तुला दोन किमती विचारतील, लग्नाच्या वेळची आणि आताची. बाजार चढल्यामुळे वाढलेलं मोल आणि संसाराच्या पैशातून झालेल्या कामामुळे वाढलेलं मोल जमेल तितकं वेगळं करून दे. ते कुणाचं, याचा निवाडा तुझा नाही. कराचंही तसंच. ब्रिटनमध्ये खाजगी मोटारीच्या नफ्यावर भांडवली कर लागत नाही, अमेरिकेत संग्राह्य वस्तूंवर तो २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा 'कर धरलेला नाही' असं एक वाक्य लिही आणि पुढचं हिशेबनिसावर सोड.

तुलनेसाठी विकल्या गेलेल्या गाड्याच घे, मागितलेल्या किमती नकोत. अवस्था एकसारखी मोज. जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या हॅगर्टी या अमेरिकन कंपनीची एक ते चार ही श्रेणी बऱ्याच जणांना माहीत असते, एक म्हणजे प्रदर्शनाच्या स्पर्धेत उभी करावी अशी. प्रत्येक तुलनेसमोर तारीख, अवस्था आणि आपल्या गाडीशी असलेला फरक लिही. किमतीचा पल्ला दे, पण त्यातला एक आकडा निवड आणि तोच का, ते सांग. उलटतपासणीत नेमकं तेच विचारतील.

पाहणीआधी दोघांनाही एकच पत्र पाठव: गाडी धुऊन-पुसून ठेवू नका, इंजिन गार असू द्या, आणि कागदांची फाइल गाडीपाशी आणून ठेवा. चेसिस आणि इंजिनच्या नंबरांचे फोटो त्याच दिवशी मला पाठव. आकड्यांच्या ठोकणीबद्दल शंका असेल तर अहवाल लिहायला घेण्याआधीच बोलू.

तुझी,
ताई