लाल रक्तपेशीत केंद्रकच नसतं, मग ती जिवंत पेशी कशी?

जिवंतच असते, फक्त तिला नवी प्रथिनं बनवता येत नाहीत आणि तिचं विभाजनही होत नाही, म्हणून साधारण 120 दिवसांत ती संपते. मुळात ती बिनकेंद्रकाची जन्मत नाही. अस्थिमज्जेत तयार होताना केंद्रक असतं, हिमोग्लोबिन भरू लागतं आणि मग पेशी ते केंद्रक चक्क बाहेर टाकते. तंतुकणिकाही, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले भाग, जातात. त्यामुळे तिला ऊर्जा मिळते ती ग्लुकोजच्या ऑक्सिजनविना होणाऱ्या विघटनातून. म्हणजे शरीरभर ऑक्सिजन पोचवणारी ही पेशी स्वतःच्या ऊर्जेसाठी तो वापरतच नाही! मला हे पेशीविज्ञानातलं फार सुंदर उदाहरण वाटतं. या ऊर्जेवर प्रद्रव्यपटलातले, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या पातळ आवरणातले, पंप सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलत राहतात. ते थांबले की पेशी फुगते. केंद्रक नसल्याचा फायदा म्हणजे 7-8 मायक्रोमीटर व्यासाची ही पेशी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही दुमडून निघते.

मात्र हे मुख्यतः सस्तन प्राण्यांपुरतं. बेडकाच्या किंवा कोंबडीच्या रक्ताची रंगवलेली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, लंबगोल लाल पेशींच्या मधोमध केंद्रकाचा गडद ठिपका स्पष्ट दिसेल.