वाचकांचे प्रश्न : एसीचं बिल, इथलं अन् थंड मुलखातलं

प्रश्न : नमस्कार भाऊ. माझा मुलगा अन् सून अमेरिकेत मिनेसोटात राहतात. हिवाळ्यात तिथं उणे वीस-पंचवीसपर्यंत पारा जाते, दारासमोर बर्फाचे ढीग, तं तिथं एसी लागते हेच मले पहिले पटलं नव्हतं. जूनमध्ये त्यायचा एसी बंद पडला, मेकॅनिक आला, एक छोटा पार्ट बदलला अन् साडेतीनशे डॉलर घेऊन गेला. आपले तीस हजार झाले न भाऊ! एवढ्यात इथं नवीन एसी येते. पोराले फसवलं का?
– एक आई, ता. वणी, जि. यवतमाळ

उत्तर : काकू, मला तरी फसवल्यासारखं वाटत नाही, पण एक-दोन गोष्टी मुलाला विचारायला सांगा, त्या खाली लिहितो.

पहिले एसीचं. मिनेसोटात जुलैमध्ये ३०-३५ डिग्री होते अन् हवा दमट असते. घरं हिवाळ्यासाठी बांधलेली असतात, भिंतीत इन्सुलेशन, फटी बंद, त्यामुळे आत शिरलेली गरमी लवकर निघत नाही. आपल्यासारखा एका खोलीचा स्प्लिट एसी तिथं कमी, पूर्ण घराला एकच मशीन असते. घर तापवायची जी भट्टी असते ना, फर्नेस म्हणतात तिला, तिच्याच पंख्यानं उन्हाळ्यात थंड हवा सगळ्या खोल्यांत ढकलतात. म्हणून हिवाळाभर भट्टी चालून फिल्टर धुळीनं चोंदला की उन्हाळ्यात एसीच्या कॉइलवर, म्हणजे आतल्या थंड नळ्यांच्या जाळीवर, बर्फ जमतो अन् लोक म्हणतात एसी खराब झाला. दहा-वीस डॉलरचा फिल्टर बदलून भागणारं काम असतं ते.

आता बिल. छोटा पार्ट म्हणजे बहुतेक कपॅसिटर असेल, मोटर सुरू करायला मदत करणारी छोटी डबी. तो स्वतः वीस-तीस डॉलरचा, पण बिल दीडशेपासून चारशेपर्यंत जाते, कारण तिथं पैसा माणसाच्या वेळेला लागतो. नुसतं येऊन पाहायचेच शंभर डॉलरच्या आसपास घेतात. एसीत थंडावा आणणारा जो गॅस असतो, त्याला हात लावायचा तर त्या माणसाकडे सरकारी परीक्षेचं सर्टिफिकेट असावंच लागते, गॅस हवेत सोडून देणं तिथं कायद्यानं बंद आहे. त्यात थंड भागात एसीचा सीझन जेमतेम तीन महिन्यांचा, अन् पहिला गरम आठवडा आला की सगळं गाव एकाच दिवशी फोन करते. डॉलरचे रुपये करून पाहाल तर जीव घाबरेलच, त्यापेक्षा मुलाच्या किती तासांच्या पगारात ते बिल बसते हे विचारा, मग अंदाज येईल.

विचारायचं काय, तर कपॅसिटरचं मीटरवरचं रीडिंग किती आलं अन् पार्टवर किती लिहिलं होतं, रीडिंग बरंच कमी असेल तर पार्ट खरंच गेला होता. अन् कोणी "गॅस कमी आहे, भरून देतो" म्हटलं तर लीक कुठं आहे ते दाखव म्हणावं. जुन्या मशीनमध्ये आर-२२ गॅस असला तर तो फारच महाग पडतो, कारण अमेरिकेत त्याचं नवीन उत्पादन अन् आयात २०२० पासून बंद आहे. त्यानंतरच्या मशीनमधला आर-४१०ए सुद्धा आता हळूहळू कमी करत आहेत, २०२५ पासून नवीन मशीन दुसऱ्या गॅसच्या येतात. तेव्हा पंधरा-वीस वर्षं जुन्या मशीनमध्ये हजार डॉलरचा गॅस ओतायच्या आधी नवीन मशीनचा भाव विचारलेला बरा.

थंड भागातलं आणखी एक. बाहेर १५-१६ डिग्रीच्या खाली हवा असताना एसी चालवून पाहू नये, कॉम्प्रेसरला, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपाला, मार बसतो, आणि अशा थंडीत गॅसचं प्रेशरही नीट तपासता येत नाही. म्हणून मेच्या शेवटी, पहिली ऊन्हं पडली की सर्व्हिसिंग करून घ्यायची. जूनमध्ये तिथं कॉटनवूड नावाच्या झाडाची कापसासारखी म्हातारी उडते, ती बाहेरच्या युनिटला पार झाकून टाकते, स्विच बंद करून साध्या पाण्यानं धुतली की झालं. अन् हिवाळ्यात युनिट पूर्ण प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका म्हणावं, आत ओल राहते अन् उंदीर घर करतात, नुसती वरून फळी ठेवली तरी पुरते.

प्रश्न : दादा, आमच्या एसीचा गॅस दरवर्षी एप्रिलात संपते. तालुक्याहून माणूस येते, तीन हजार घेते, मे-जून निघून जाते, पुढच्या साली पुन्हा तेच. बाहेरचा डबा गोठ्याच्या भिंतीवर आहे. गॅस एवढा काहून लागते?
– एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा

उत्तर : भाऊ, तुमचा प्रश्न वाचून खरंच वाईट वाटलं, कारण असे पैसे गावोगावी जात आहेत. एसीचा गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तोच गॅस बंद नळीत फिरत राहतो, पंधरा वर्षंही फिरू शकतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी बाहेर पडून राहिला, अन् ते भोक बुजवल्याशिवाय भरणं म्हणजे तीन हजार दर साली हवेत.

अन् तुम्ही गोठ्याचं लिहिलं ते फार कामाचं लिहिलं. जनावरांच्या मुतातून अमोनिया निघतो, तो तांब्याला अन् पितळेला खातो. नळीच्या जोडावर पितळी नट असतात, त्यांना तडे जातात, कॉइल हिरवी पडते अन् बारीक भोकं पडतात. तुमचं लीक तिथंच निघायची दाट शक्यता आहे. तो डबा गोठ्यापासून दूर, सावलीत, वारा लागेल अशा भिंतीवर हलवा. हलवायचा अन् जादा पाइपचा खर्च दोन-चार हजार येईल पण एकदाच येईल.

मेकॅनिकला सरळ सांगा, आधी नायट्रोजनचं प्रेशर भरून साबणाचा फेस लावून लीक दाखव, जोड दुरुस्त कर, मग पंपानं व्हॅक्युम कर, म्हणजे नळीतली हवा पूर्ण ओढून काढ, अन् मग वजन करून गॅस टाक. किती ग्रॅम टाकायचा ते युनिटच्या पट्टीवरच लिहिलेलं असते. व्हॅक्युम पंप अन् वजनकाटा नसलेल्या माणसाकडून गॅस भरून घेऊच नका, मग तो किती का ओळखीचा असेना. आजकालच्या बहुतेक मशीनमध्ये आर-३२ गॅस असतो, तो थोडा पेट घेणारा आहे, तेव्हा काम चालू असताना बिडी-सिगारेट लांब ठेवा अन् कडबा-कुटाराच्या ढिगाजवळ वेल्डिंग करू देऊ नका.

आपल्याकडचे भाव म्हणाल तर प्रेशरच्या पाण्यानं सर्व्हिसिंग पाच-सातशे, कपॅसिटर लावून चार-सहाशे, गॅस अडीच ते साडेतीन हजार, कॉम्प्रेसर गेला तर दहा हजाराच्या वर, अन् तालुक्याहून यायचे पेट्रोलचे वेगळे. कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी असली तरी गॅस अन् मजुरी बहुधा आपल्यालाच भरावी लागते, कार्ड नीट वाचा. सोयाबीन काढणीनंतर अन् मार्चमध्ये, असं दोनदा धुऊन घेतलं तर अर्ध्या तक्रारी येतच नाहीत, मळणीची धूळ फार वाईट.

प्रश्न : रात्री लाइन १६०-१७० व्होल्टवर येते अन् आमच्या इन्व्हर्टर एसीचं कार्ड उडालं. नवीन कार्डाचे आठ हजार सांगतात. बदलू का?
– एक वाचक, जि. वाशीम

उत्तर : लगेच बदलू नका. पीसीबी, म्हणजे हेच इलेक्ट्रॉनिक कार्ड, रिपेअर करणारे जिल्ह्याच्या ठिकाणी असतात, दीड ते तीन हजारात बरेचदा काम होते. बरेचदा तर पाल किंवा मुंग्या आत शिरून शॉर्ट झालेलं असते, आधी उघडून पाहायला लावा. कंपनीवाले "स्टॅबिलायझर लागत नाही" म्हणतात ते मशीनवर लिहिलेल्या व्होल्टेजच्या हद्दीपुरतंच खरं असते, आपल्याकडे शेतातल्या पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की लाइन त्या हद्दीच्या खाली जाते. १३०-१४० व्होल्टपासून काम करणारा स्टॅबिलायझर घ्या अन् अर्थिंग तपासून घ्या, उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत जा. अन् कार्ड बदलायचीच वेळ आली तर जुनं कार्ड परत मागून घ्या, तेच दुरुस्त करून पुढच्या वेळी कामी येते.