उजव्या पानाची शेवटची चौकट

प्रिय मित्रा,

तुझी २४ पानं मिळाली. सोबतचा प्रश्नही वाचला: सगळे फोनवरच वाचत असताना कॉमिक छापण्यात आता काही अर्थ उरलाय का? त्याकडे येतोच, पण आधी पानांबद्दल लिहितो. माझं उत्तर तिथूनच निघतं.

१३व्या पानावर ती मुलगी दार उघडते आणि आत तिचा हरवलेला भाऊ उभा असतो. अख्खं पान दिलंस त्याला, आणि काढलंसही जीव ओतून. पण पुस्तकात १३वं पान उजवीकडे येतं. वाचक डावीकडचं १२वं पान वाचतोय, मुलगी अजून जिनाच चढतेय, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून भाऊ त्याला केव्हाच दिसलाय. स्क्रीनवर एकेक पान सुटं काढल्यामुळे हे तुझ्या लक्षात आलं नसणार. पुस्तकात सम आकड्याचं पान डावीकडे, विषम उजवीकडे. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीशी वाचकाचा हात कागदाकडे जातो. जे लपवायचं ते त्याच्या पलीकडे हवं. म्हणून जिना एक पान आधी संपव. ११व्या पानाच्या शेवटच्या चौकटीत फक्त तिचा हात कडीवर दिसू दे आणि दार १२-१३ या जोडपानावर उघड. मधोमध पिना मारलेल्या २४ पानी पुस्तकात ही दोन पानं म्हणजे एकच सलग कागद असतो. बाकीच्या जोडपानांत दोन वेगळे कागद शेजारी येतात, छपाईत केसभर वरखाली झाले की चित्र तुटतं. इथं ते तुटणार नाही.

फोनवर हाच क्षण वेगळ्या रीतीने उभा करावा लागतो. उभ्या पट्टीत दाराआधी भरपूर मोकळी जागा सोडायची. अंगठा सरकत राहतो, तेवढा वेळ जातो आणि श्वास अडकतो. दक्षिण कोरियात नेव्हर या इंटरनेट कंपनीने २००४मध्ये वेबटून, म्हणजे स्क्रीनवर वाचायची कॉमिक्स, सुरू केलं, तेव्हापासून तिथल्या चित्रकारांनी या उभ्या वाचनाचं स्वतःचं व्याकरण घडवलं आहे. त्याला कमी लेखू नकोस. मात्र एका साच्यातलं दुसऱ्यात ओतताना फार सांडतं. पट्टी कापून पानावर रचली की मोकळ्या जागा जातात आणि त्यांच्याबरोबर शांतताही जाते. पान कापून फोनवर नेलं की मोठ्या चौकटीशेजारची छोटी चौकट एकटी पडते, आणि ती छोटी का होती हेच वाचकाला कळत नाही. कुठल्या वाचनासाठी काढतोयस हे पहिल्या कच्च्या रेघेआधी ठरव.

आता तुझा प्रश्न. छापील कॉमिक आजवर दोन कामं करत आलं: गोष्ट लवकर आणि स्वस्तात हजारो हातांत पोचवायची, आणि आवडलेली गोष्ट जपून ठेवता यायची. जपानमध्ये ही दोन कामं स्पष्ट वेगळी दिसतात. साप्ताहिक जाडजूड, खरखरीत कागदावरचं, वाचून टाकून देण्यासाठी. त्यातली आवडलेली मालिका नंतर चांगल्या कागदावरच्या पुस्तकांत येते आणि ती कपाटात राहते. ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकाचा खप १९९५च्या सुमारास ६५ लाखांच्या वर गेला होता. २०१७मध्ये तिथंच डिजिटल मांगाची (जपानी कॉमिक्सची) विक्री छापील मांगा पुस्तकांच्या पुढे गेली. पोचवण्याचं काम फोनने घेतलं, आणि ते तो कागदापेक्षा चांगलं करतो. त्याचं दुःख धरून बसू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं. जपण्याचं काम मात्र त्याला जमलेलं नाही. कॉमिक्सॉलॉजी हे डिजिटल कॉमिक्सचं मोठं दुकान अमेझॉनने २०१४मध्ये विकत घेतलं, २०२२मध्ये आपल्या किंडल या ई-पुस्तकांच्या सेवेत मिसळलं आणि २०२३च्या अखेरीस त्याचं स्वतंत्र ॲप बंद झालं. पैसे देऊन घेतलेली कॉमिक्स कुठे आणि कशी वाचायची, हे वाचकाच्या हातात राहिलं नाही. कपाटातल्या पुस्तकाचं असं होत नाही.

तेव्हा छाप, पण जपण्याजोगं छाप. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन राहतं. उजेड-हवेने तो पिवळा पडतो, कडा तुटू लागतात. आम्लमुक्त कागद महाग पडेल. प्रती कमी काढ, पण कागद आम्लमुक्तच घे.

छपाईबद्दल एक माझ्या हातून झालेलं सांगतो. माझ्या पहिल्या पुस्तकात रात्रीचा प्रसंग होता, सलग आठ पानं. स्क्रीनवर निळ्या-काळ्याच्या सात-आठ छटा अगदी सुरेख दिसायच्या. छापून आलेल्या प्रतींत नदी, झाडं आणि माणसं मिळून एकच काळा डाग झाला होता. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फक्त समोरचा उजेड परत देतो. त्यात बिनचकचकीत कागदावर शाई शोषून पसरते. मी त्याच कागदावर एका पानाचंही प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, मागितलं नव्हतं. गठ्ठे उघडले त्या दिवशी मी कोणाशी बोललो नाही. तू प्रूफ माग, ते दिवसाच्या उजेडात बघ, गडद छटा आहेत त्याहून उजळ कर. आणि संवादाच्या फुग्यांतली अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेव. चार शायांचं मिश्रण असेल आणि त्या किंचित सरकल्या, तर अक्षरांना रंगीत झालर येते आणि वाचणारा थकतो.

किती प्रती काढायच्या यावर अमेरिकेतली एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. तिथं कॉमिक्स पेपरवाल्यांकडे जायची आणि न खपलेल्यांचे पैसे परत द्यावे लागायचे, म्हणून अंदाजाने भरमसाट छापावं लागे. १९७०च्या दशकात फिल सुलिंग या कॉमिक्स विक्रेत्याने वेगळी रीत घातली: दुकानदाराला जास्त सूट, पण माल परत नाही. किती प्रती जाणार हे आधी कळू लागलं आणि छोट्या प्रकाशकांना उभं राहता आलं. तूही आगाऊ नोंदणी घे, आकडा कळल्यावरच छाप. याच रीतीचा पुढचा भागही ध्यानात ठेव. १९९०च्या दशकाच्या शेवटी तिथलं जवळजवळ सगळं वितरण डायमंड या एकाच कंपनीकडे गेलं. जानेवारी २०२५मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि कित्येक लहान प्रकाशक अडचणीत आले. एकाच वितरकावर किंवा एकाच ॲपवर आपलं सगळं काम टांगून ठेवू नकोस. पहिलं प्रकरण फोनवर मोफत वाचू दे, पुस्तक स्वतः विक, आणि मूळ फाइली तीन ठिकाणी ठेव.

पुढच्या वेळी मला फाइल नको. सहा कोरे कागद मधोमध दुमडून एकात एक घाल, की २४ पानं होतात. त्यावर पेन्सिलने नुसत्या चौकटी आख, माणसांच्या जागी गोल काढलेस तरी चालेल, पण पानं उलटून बघ. भावाचा चेहरा घडीवर येऊ देऊ नकोस, तिथं पिना असतात. मला वाटतं तो उजवीकडे, थोडा मागे, अर्धा अंधारात उभा असावा. तुला कुठे दिसतो ते या कच्च्या पुस्तकात, म्हणजे डमीत, काढून पाठव.

तुझा,
एक जुना चित्रकार