चाक निखळलेला बैल

बाबू,

काल तू पुस्तक माझ्या टेबलावरच विसरून गेलास. रात्री लाइट गेली, कूलर बंद पडला, झोप कुठली येते! मोबाइलच्या उजेडात वाचून काढलं. हा जेम्स रॅलिसन 2012 पासून नेटवर चित्रपट्ट्या टाकायचा, 2014 पासून यूट्यूबवर 'दि ऑड वन्स आउट' चालवतो आणि 2018 मध्ये हे पुस्तक आलं तेव्हा होता जेमतेम बावीसचा. बावीसाव्या वर्षी बालपणाच्या आठवणी! आधी हसूच आलं. पहाटेपर्यंत मात्र मीच माझ्या शाळेत जाऊन बसलो होतो.

तू विचारलंस, "सर, ॲरिझोनाच्या पोराचं वाचून मला माझे दिवस काऊन आठवून राहिले?" आणि लगेच स्वतः काढलेली पानं पुढे केलीस. कंदील, विटीदांडू, आजीची गोधडी. अरे, तुझा जन्म 2004 चा. कंदील तू पाहिलास तो ढाब्यावर, शोभेचा! ही आठवण तुझी नाही, उसनी आहे. तो पोरगा स्वतःची फजिती काढतो, नेमकी जशी झाली तशी. नेमकं काढ, बाबू.

चहा पिताना तूच सांगितलंस ना, सकाळी बाबांच्या खांद्यावरून पिवळ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक पाहिली आणि संध्याकाळी तान्ह्या पोळ्यात तुझ्या लाकडी बैलाचं चाक निखळलं? तरी तू तो तीन घरं फरफटत नेलास, बोजाऱ्याचे पैसे पाहिजे म्हणून. एका काकूंनी दहाची नोट दिली, वर विचारलं, "बैल लंगडा का रे?" आणि तू तिथेच रडलास. हे पानावर कुठे आहे? म्हणे, पुण्याच्या लोकांना बोजारा कळणार नाही. नाही कळला तर विचारतील! तुला तरी अमेरिकेतल्या शाळेतलं सगळं कुठे कळलं होतं? अडलास का?

चिडलो, कारण हेच मी केलंय. एका पेपरात अकरा वर्षं व्यंगचित्रं काढली. साहेब म्हणायचे, सगळ्या महाराष्ट्राला कळेल असं काढा. मी राहायचो नागपूरच्या महाल भागात, भाड्याच्या दोन खोल्यांत. नळ जिन्याखाली, भांडण रोजचं. आणि काढायचो काय, तर अंगण, तुळशीवृंदावन, झोपाळा. असलं अंगण माझ्या सात पिढ्यांत कुणाकडे नव्हतं. घर चालवायचं होतं, दोन पोरी शिकत होत्या. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरा कुणी बसला असता त्या खुर्चीवर. हे तुला का सांगून राहिलो कोण जाणे. ती कात्रणं ट्रंकेत आहेत. परवा चाळली, एकाही चित्रात मी सापडलो नाही. नळ तेवढा काढायला पाहिजे होता.

तुला तर साहेब पण नाही. मग कोणाला भिऊन राहिला?

रविवारी ये, तर्री-पोहे मी आणून ठेवतो. बैल माळ्यावर असेलच, आईला विचारून घेऊन ये. चाक मात्र बसवून आणू नकोस.

तुझे सर