मोबाइल डेटा, टीव्ही स्वस्त होत असताना महागाई वाढतेच कशी? ही चलनघट नव्हे का?

नाही, ही चलनघट नाही. एखाद्या वस्तूचा भाव उतरला तर ती स्वस्ताई. बहुतेक सगळ्याच वस्तूंचे भाव उतरत राहिले, तर ती चलनघट; त्यांच्या मागोमाग बऱ्याचदा पगारही उतरतात.

डेटाचंच बघा. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०१५ मध्ये १ जीबीला सरासरी सव्वादोनशे रुपये पडत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि २०१८ मध्ये तोच दर १२ रुपयांच्या आत आला. पण आमच्या घरचा खर्च काही कमी झाला नाही. पूर्वी १ जीबी महिनाभर पुरवून वापरायचो, आता रोजचा दीड जीबी संध्याकाळपर्यंत संपतो. जे थोडंफार वाचलं ते दूध, फी, पेट्रोलमध्ये गेलं. म्हणजे मागणी आटली नाही, तिने नुसती जागा बदलली.

शिवाय महागाई निर्देशांकात प्रत्येक गोष्टीचा भार, म्हणजे घरखर्चातला वाटा, वेगळा असतो. २०१२ हे पायाभूत वर्ष (ज्याच्या भावांशी तुलना होते ते) धरलेल्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेयांचा भार सुमारे ४६ टक्के होता, तर वाहतूक आणि दळणवळण दोन्ही मिळून साडेआठ टक्के, आणि त्यातच पेट्रोल, बसभाडंही आलं. म्हणून जुलै २०२३ मध्ये टोमॅटो भडकले तेव्हा किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली, स्वस्त डेटा तिला अडवू शकला नाही. ज्याची निम्मी कमाई पोटावर खर्च होते, त्याची महागाई भाजीमंडईत ठरते. त्याला टीव्हीचे उतरलेले भाव ऐकवणं मला अन्यायाचं वाटतं.

तंत्रज्ञानाचा परिणाम आकड्यांत कधीच दिसत नाही असंही नाही. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेत मोबाइल सेवेचे दर एकाच महिन्यात सुमारे ७ टक्क्यांनी उतरले. महागाई मंदावण्याची कारणं सांगताना फेडच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, तेव्हाच्या अध्यक्ष जॅनेट येलेन यांनी त्याचाही उल्लेख केला. पण असा धक्का एकदाच बसतो. वर्षभराने तुलना त्या उतरलेल्या दराशीच होते, आणि आकडा पुन्हा वर येतो.

‘उद्या स्वस्त मिळेल म्हणून लोक खरेदी थांबवतात’ ही भीती फोनच्या बाबतीत फारशी खरी नाही. जुना बंद पडला की आपण नवा घेतोच. चलनघटीची खरी भीती कर्जदाराला असते: पगार घटतो, हप्ता मात्र तेवढाच राहतो. चिप बनवण्याचा खर्च उतरल्यामुळे फोन स्वस्त झाला, तर कुणाचा पगार कापला जायचं कारण नाही. गिऱ्हाइकाच्या हातात पैसाच नाही म्हणून दुकानदार भाव पाडू लागले, तर ते संकट वेगळं.